‘बँक’ : काठ, बाक आणि पेढी

नदीकाठ या अर्थाचा ‘बँक’ आणि पैशांची ‘बँक’ यांत केवळ उच्चाराचे साम्य आहे, असे म्हटले जाते. त्यात थोडी भर घालावीशी वाटते. इंग्रजीत हे शब्द निरनिराळ्या वाटांनी आले हे खरे, परंतु दोहोंचे मूळ एकाच जर्मानिक (इंग्रजी, जर्मन आदी भाषांच्या गटातील) शब्दकुळात सापडते आणि ‘बेंच’ हा शब्दही त्याच कुळातला आहे. काठाचा अर्थ स्कँडिनेव्हियन भाषांकडून आला असावा. मातीचा लांबट उंचवटा ही त्यातील मूळ कल्पना, आणि वळताना विमान एका बाजूला कलते त्या क्रियेलाही या उंचवट्याच्या उतारावरूनच ‘बँक’ म्हणतात. पेढीच्या अर्थाचा प्रवास मला अधिक मोलाचा वाटतो. जर्मानिक भाषांतून हा शब्द इटालियनमध्ये ‘बांका’ होऊन गेला, तिथे नाणी मोजून अदलाबदल करणाऱ्या सराफाच्या पुढ्यातील बाकाला किंवा मेजाला तो लागला, आणि मग त्या बाकावरचा व्यवहारच त्या नावाने ओळखला जाऊ लागला. ‘बँकरप्ट’ म्हणजे मुळात ‘मोडलेला बाक’. मेजवानीचे ‘बँक्वेट’देखील लहान बाकावरूनच आले आहे.