मानसिक इजेची नुकसानभरपाई: टक्केवारी कुठून आणावी?

जास्वंद (प्रश्न): मागच्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीवर राहत्या घरी चाकूहल्ला झाला. हाताची जखम महिनाभरात भरली, परंतु दाराची कडी वाजली की ती अजूनही स्वयंपाकघरात जाऊन आतून दार लावून घेते, आणि नोकरीही तिने सोडली आहे. भरपाईचा अर्ज दिला तेव्हा अपंगत्वाच्या टक्केवारीचा दाखला मागण्यात आला. आमच्याजवळ फॅमिली डॉक्टरांनी लिहिलेली झोपेच्या गोळ्यांची एक चिठ्ठी तेवढी आहे.

जुना वकील: भारतीय न्याय संहितेच्या कलम २(१४) मधील 'इजा' या शब्दाच्या व्याख्येत शरीराबरोबर मनही आहे. अर्ज राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या गुन्ह्याला बळी पडलेल्या महिलांसाठीच्या २०१८ च्या भरपाई योजनेखाली असेल, तर तिचे परिशिष्ट काढून पाहावे. तेथे अपंगत्वाची टक्केवारी आहे ती अवयव गमावण्याच्या नोंदींपुढे. पुनर्वसनाची गरज असलेली मानसिक इजा ही निराळी नोंद असून तिच्यासाठी १ ते २ लाख रुपये आहेत. म्हणजे सिद्ध करायची आहे ती उपचारांची गरज. मंजूर झालेली रक्कम मान्य नसेल, तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत विधी सेवा प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येते.

केसपेपर: मनोविकार विभागात मी समाजसेविका म्हणून काम करते. 'झोप नाही, घाबरते' एवढ्याच चिठ्ठीचा उपयोग होत नाही. मनोविकारतज्ज्ञांच्या दाखल्यात निदान, घटनेपूर्वी ती काय करत होती, कोणत्या तारखेपासून काय बिघडले आणि उपचार साधारण किती काळ लागतील, हे सारे यावे. एकाच भेटीत घेतलेल्या दाखल्यापेक्षा चार-पाच भेटींच्या नोंदी असलेला केसपेपर कितीतरी भक्कम ठरतो. आधीचे काही दुखणे असल्यास ते मुळीच लपवू नये. हल्ल्यानंतर त्यात काय भर पडली, हे डॉक्टरांनाच लिहू द्यावे. केसपेपरची प्रत मागण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २५ ने दिला आहे.

जास्वंद: दोघांचेही आभार. सोमवारी जिल्हा रुग्णालयात नेते. तिला त्रास नको म्हणून दाराची कडी आम्ही गेल्याच महिन्यात काढून टाकली. असल्या घरगुती गोष्टी तिथे सांगाव्यात का?

केसपेपर: अवश्य सांगा, आणि कडी कधी काढली ती तारीखही सांगा.