कपाळावरचे बारीक दाणे आणि नाकावरचे काळे ठिपके: कोणते उपाय करावेत, कोणते टाळावेत?

अबोली

नमस्कार. माझे वय ३१ असून मी चिपळूणला एका शाळेत शिकवते. गेल्या सात-आठ महिन्यांपासून माझ्या कपाळावर आणि हनुवटीच्या कडेला त्वचेच्याच रंगाचे बारीक दाणे आले आहेत. समोरून पाहणाऱ्याला ते फारसे जाणवत नाहीत. पण सकाळी खिडकीपाशी उभे राहून तिरप्या उजेडात आरसा धरला, की कपाळभर रवा पसरल्यासारखे दिसतात आणि बोट फिरवले की खरखर लागते. नाकावरचे काळे ठिपके तर कॉलेजात असल्यापासूनचे आहेत.

आजवर केलेले उपाय सांगते. दर महिन्याला पार्लरमध्ये क्लीनअप करून घेते. तिथे वाफ देऊन लोखंडी तारेच्या कडीने ठिपके दाबून काढतात. चार दिवस नाक स्वच्छ दिसते आणि पंधरवड्यात पुन्हा पूर्ववत होते. एकदा दाब जास्त पडला, त्याचा तपकिरी डाग नाकाच्या डाव्या बाजूला चार महिने झाले तरी तसाच आहे. सासूबाईंच्या सांगण्यावरून दुधात उगाळलेले जायफळही काही दिवस लावले.

पावसाळ्यात एका औषधाच्या दुकानात विचारले असता तेथील माणसाने चिठ्ठी वगैरे न मागता एक ट्यूब दिली. दहा-बारा दिवसांत चेहरा इतका नितळ आणि उजळ झाला, की शाळेतल्या सहकारी शिक्षिकांनी नाव विचारून घेतले. सहा आठवडे लावून ती बंद केली आणि आठवड्याभरात गाल लाल झाले, उन्हात गेले की चुरचुरू लागले, कपाळावरचे दाणे तर दुपटीने वाढले. ट्यूब पुन्हा लावली की बरे वाटेल, हे ठाऊक असल्यामुळे मोह होतो, आणि त्या मोहाचीच भीती वाटते.

रंध्रे बुजतात म्हणजे नेमके काय होते, पार्लरमधले क्लीनअप चालू ठेवावे का आणि डागासाठी काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वाटसरू

अबोलीताई, मी डॉक्टर नाही, परंतु माझ्याही कपाळावर असेच दाणे होते आणि त्यांचे कारण शेवटी डोक्याला लावलेल्या तेलात सापडले. लहानपणापासून रात्री खोबरेल तेल चोपडून झोपण्याची आणि सकाळी डोके धुण्याची आमच्या घरची पद्धत. दाणे केसांच्या रेषेपासून दोन बोटांच्या पट्ट्यातच सर्वांत दाट आहेत आणि गालांवर एकही नाही, हे मला त्वचेच्या डॉक्टरांनी आरशात दाखवले, तेव्हा ते लक्षात आले. मी तेल पूर्ण सोडले नाही. अंघोळीच्या आधी तासभर लावतो, केस धुऊन झाल्यावर शेवटी चेहरा धुतो आणि उशीची खोळ दर तीन-चार दिवसांनी बदलतो. फरक दिसायला दोन महिने लागले. हेल्मेटच्या आतल्या पट्टीलाही तेच तेल लागलेले होते. तीही आता धुतो.

दीपमाळ

अबोली, मी गेली अनेक वर्षे त्वचारोगांवर उपचार करते. न पाहता निदान करणे योग्य नाही, त्यामुळे खालील मजकूर प्रत्यक्ष तपासणीला पर्याय समजू नये. तरीही तुमच्या प्रश्नातल्या बऱ्याच गोष्टी स्पष्ट करता येण्यासारख्या आहेत.

चेहऱ्यावरचे जे बारीक छिद्र आपण रंध्र म्हणून ओळखतो, ते केसाच्या मुळाकडे जाणाऱ्या नळीचे तोंड असते. त्या नळीला तैलग्रंथी जोडलेली असते आणि तिच्यातला तेलकट पदार्थ याच वाटेने वर येतो. नळीच्या आतल्या अस्तरावरून मृत पेशी सतत सुटत असतात. त्या सुट्या-सुट्या तेलाबरोबर बाहेर पडल्या तर काहीच होत नाही. एकमेकींना चिकटून राहिल्या, की तेल आणि पेशी मिळून बूच तयार होते. तोंड मिटलेले असेल तर वर पांढरट किंवा त्वचेच्या रंगाचा दाणा दिसतो, आणि तोंड उघडे असेल तर बुचाचा वरचा भाग काळा पडतो. हा काळेपणा मळाचा नसतो. तो त्वचेतल्या रंगद्रव्याचा आणि हवेच्या संपर्काने तेलात होणाऱ्या बदलाचा असतो. म्हणूनच कितीही घासले तरी तो जात नाही, उलट घासण्याने आजूबाजूची त्वचा दुखावते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की हे बूच डोळ्यांना दिसण्याच्या कित्येक आठवडे आधी तयार होऊ लागलेले असते. आज दिसणाऱ्या दाण्यापुरता औषधाचा ठिपका लावणाऱ्या रुग्णांना महिन्यानंतर शेजारी नवे दाणे दिसतात आणि औषध निरुपयोगी आहे असे वाटते. औषध त्या संपूर्ण भागावर पातळ लावायचे असते आणि परिणाम आठ ते बारा आठवड्यांनी जोखायचा असतो.

नाकावरच्या ठिपक्यांविषयी तुम्हाला थोडा दिलासा देता येईल. ते सर्व समान अंतरावर, करड्या रंगाचे आणि सपाट असतील आणि दाबल्यावर पिवळसर, शेवयीसारखा बारीक धागा बाहेर येत असेल, तर ती बुजलेली रंध्रे नव्हेतच. तेल वर येण्याच्या वाटेतली ती नैसर्गिक भर असते. ती जवळजवळ सर्वांच्याच नाकावर असते आणि काढली तरी काही आठवड्यांत पुन्हा तयार होते. ती काढत राहणे म्हणजे जिवंत झऱ्याची विहीर उपसत राहणे होय. वाफेने रंध्रे उघडतात आणि बर्फाने मिटतात, हाही समज खरा नाही, कारण रंध्राला उघडझाप करणारा स्नायू नसतो. वाफेने आतला पदार्थ मऊ होतो, इतकेच. तुमच्यासारखी गव्हाळ किंवा सावळी त्वचा दुखावली की तिथे रंगद्रव्य साठते आणि पुळी आठ दिवसांत गेली तरी तिचा डाग काही महिने राहतो. तुमच्या नाकावरचा डाग असाच आहे. क्लीनअप बंद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या ट्यूबविषयी. काही दिवसांत उजळपणा, बंद करताच लाली, उन्हात चुरचुर आणि एकसारख्या दाण्यांची वाढ, ही सर्व लक्षणे स्टेरॉइड असलेल्या मलमाकडे बोट दाखवतात. आपल्याकडे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र असलेली मलमे वांगावर थोड्या काळासाठी, देखरेखीखाली द्यायची असतात. प्रत्यक्षात ती गोरेपणाची क्रीम म्हणून घरोघरी पोहोचली आहेत. स्टेरॉइडमुळे सूज आणि लाली दबते म्हणून चेहरा नितळ दिसतो. पण महिनोन्‌महिने लावत राहिल्यास त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि मलमावाचून राहवत नाही. हे रुग्ण इतके वाढले, की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी स्टेरॉइडमुळे बिघडलेला चेहरा अशी स्वतंत्र संज्ञाच वापरात आणली, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड औषधे शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तुम्हाला ट्यूब देणाऱ्याने चुकीचेच केले. तुम्ही ती बंद केलीत हे फार चांगले झाले. आता ती पुन्हा लावू नका. ट्यूबचे खोके सापडले तर त्यावरचे घटक वाचून इथे लिहा आणि तपासणीला जाताना सोबत न्या.

तुमचे दाणे तीन प्रकारचे असू शकतात: साधी मिटलेली रंध्रे, स्टेरॉइडमुळे आलेल्या पुळ्या, किंवा मॅलासेझिया या बुरशीमुळे केसांच्या मुळांशी आलेले दाणे. तिसऱ्या प्रकारात दाणे एकसारखे असतात, घाम आला की खाज सुटते आणि बऱ्याचदा कोंडाही असतो; कोकणच्या दमट हवेत ही शक्यता विसरू नये. त्यावर मुरुमांच्या प्रतिजैविकांनी उतार पडत नाही, उलट त्रास वाढू शकतो. शंका असल्यास डॉक्टर दाण्यातला थोडासा पदार्थ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

तोवर त्वचेला विश्रांती द्या. साबणाऐवजी सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदा चेहरा धुवावा, टॉवेलने टिपून घ्यावा, साधे सुगंधरहित मॉइश्चरायझर लावावे आणि सकाळी किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावावे; डाग असतील तर त्वचेच्या रंगाचे, लोहाचे ऑक्साइड असलेले सनस्क्रीन अधिक उपयोगी, कारण ते दृश्य प्रकाशापासूनही संरक्षण देते. लाली आणि चुरचुर पूर्ण थांबल्यावर बुजलेल्या रंध्रांसाठी रात्री ॲडापॅलीन ०.१ टक्के जेल, चिठ्ठीनेच, संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढे, धुऊन कोरड्या केलेल्या त्वचेवर, सुरुवातीला एक दिवसाआड लावतात. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळते आणि म्हणून रंध्रात उतरते. सौम्य त्रासात २ टक्क्यांपर्यंतचे पुरते. लाल, पू असलेल्या पुळ्या असतील तर बेन्झॉइल पेरॉक्साइड देतात, त्याचे २.५ टक्क्यांचे जेलही बहुधा तितकेच गुण देते आणि आग कमी करते. मात्र त्याने टॉवेल, उशीची खोळ आणि ओढणीचा रंग उडतो, हे सांगायचे राहिले तर रुग्ण घरी बोलणी खातात. ही सगळी औषधे एकदम सुरू करू नयेत. एका वेळी एकच.

निरगुडी

दीपमाळ यांचे लिखाण फार उपयुक्त आहे. जायफळाविषयी माझा अनुभव नोंदवते, कारण ते आमच्याही घरी पिढ्यान्‌पिढ्या लावले जाते. माझ्या आईने सहाणेवर दुधाचे चार थेंब घालून दोन वळसे दिले, की पाण्यासारखा पातळ लेप होत असे आणि तो दहा मिनिटांत धुतला जाई. मी मात्र मुलीच्या पुळीवर उगाळून उगाळून दाट केलेला लेप रात्रभर ठेवला. सकाळी त्या जागी नाण्याएवढा लाल चट्टा उठला होता आणि त्याचा तपकिरी डाग जायला आठ महिने लागले. लिंबाचा रस आणि टूथपेस्ट यांनी शेजारच्या मुलाची अशीच गत झालेली मी पाहिली आहे. घरातले असले म्हणजे ते सौम्यच असते, असे मी आता कोणालाही सांगत नाही. डाळीचे पीठही कोरडे घासण्यापेक्षा भिजवून, नुसते फिरवून धुतलेले बरे.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. खोके कपाटात सापडले. बारीक अक्षरांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असे लिहिले आहे, आणि खाली लाल पट्ट्यापाशी चिठ्ठीशिवाय विकू नये असेही छापलेले आहे. सहा आठवडे रोज हातात घेऊन मी ते एकदाही वाचले नव्हते. नाव विचारून नेलेल्या दोघी शिक्षिकांना आजच फोन करून सांगितले. एकीने ट्यूब नुकतीच सुरू केली होती.

घाम आल्यावर कपाळावर थोडी खाज येते आणि कोंडाही आहे. केसांना तेल मीही रात्रीच लावते. आणखी एक गोष्ट आधी लिहायला संकोच वाटला: आम्ही बाळाचा विचार करत आहोत. त्यामुळे औषधांत काही बदल करावा लागेल का?

दीपमाळ

मोमेटासोन हे स्टेरॉइडच आहे, त्यामुळे शंका उरली नाही. सहकारी शिक्षिकांना लगेच कळवलेत हे उत्तम केले. मात्र ज्यांनी बरेच महिने लावले असेल त्यांनी ते एकदम न थांबवता डॉक्टरांना विचारून थांबवावे, कारण थांबवल्यावर लाली फार तीव्र येऊ शकते.

बाळाचा विचार असल्याचे लिहिलेत, त्याने सल्ला खरोखर बदलतो. ॲडापॅलीन आणि ट्रेटिनॉइन ही अ जीवनसत्त्वाच्या गटातली लावण्याची औषधे गर्भधारणेच्या प्रयत्नांत आणि गर्भारपणात टाळतो. याच गटातली आयसोट्रेटिनॉइनची गोळी तर गर्भाला गंभीर व्यंग आणू शकते. कोणी सहज सुचवली तर स्पष्ट नकार द्यावा. तुमच्यासाठी ॲझेलेइक ॲसिड हा चांगला पर्याय ठरेल. १० ते २० टक्क्यांचे हे औषध रंध्रांतल्या बुचांवर आणि काळ्या डागांवरही काम करते आणि गर्भारपणात सुरक्षित मानले जाते. पहिले काही दिवस थोडी खाज किंवा झिणझिण होते, म्हणून लाली ओसरल्यानंतरच ते सुरू करावे.

खाज आणि कोंडा यांमुळे बुरशीची शक्यता वाढली आहे. तपासणीला जाण्यापूर्वी दोन दिवस कपाळाला काही लावू नका, म्हणजे नमुना नीट पाहता येईल. पाळी अनियमित असेल आणि पुळ्या मुख्यतः जबड्याच्या कडेला येत असतील, तर तेही तिथे आवर्जून सांगा, कारण मग संप्रेरकांची तपासणी करावी लागते. रात्रीचे तेल मात्र आजपासूनच थांबवा.

अबोली

पाळी नियमित आहे. शनिवारी सकाळी शाळा सुटल्यावर रत्नागिरीला त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्याचे ठरवले आहे. खोके पर्समध्ये ठेवले असून पार्लरची पुढच्या महिन्याची वेळ रद्द केली आहे. तपासणीत काय निघाले ते इथे लिहीन.