विलायती ऊ अन् नागपुरी ऊ, यांची मिक्स पिल्लं होतात का?

संत्रानगरीची_आई
नणंदबाई लेकरं घेऊन न्यू जर्सीहून आल्या होत्या, सगळी पोरं मनीषनगरच्या घरी एकाच गादीवर झोपायची, ते गेले अन् आता माझ्या पोरीच्या डोक्यात उवाच उवा, लिखा तर विचारूच नका. सासूबाई म्हणतात ह्या विलायती आहेत, आपल्या औषधानं मरत नाहीत, सीताफळाच्या बिया वाटून लाव. पण खरंच, तिकडची ऊ वेगळी असते का? हसू नका बाप्पा.

झूलॉजी_झिंदाबाद
हसायचं काहून, यावर रिसर्च झालाय नं. जात एकच, पेडिक्युलस ह्युमॅनस, म्हणून पिल्लं होतातच. २०२३ मध्ये 'प्लॉस वन' या विज्ञान पत्रिकेत पेपर आला, २५ ठिकाणच्या २७४ उवांचा डीएनए तपासला. दोन गट निघाले, एक जगभर सापडतो, दुसरा युरोप अन् अमेरिकेत. मिश्र उवा दिसल्या त्या अमेरिका खंडात, गोऱ्यांच्या डोक्यांतून तिकडे पोचलेल्या अन् तिथल्या आधीच्या, अशी भेट झाली असावी. होंडुरासच्या उवा तर आशियातल्यांच्या जवळच्या निघाल्या! पहिली माणसं आशियातूनच तिकडे गेली नं, सोबत हेही गेलं.
पण एकूण मिक्सिंग कमीच. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही, डोक्याला डोकं लागलं तरच सरकते. नव्या डोक्यात दोन-चार पोचल्या की पुढचं सगळं खानदान भावाबहिणींतच, त्यात आपण औषध लावून बऱ्याचशा मारतो, उरलेल्या चार पुन्हा आपसातच. म्हणून इनब्रीडिंग भरपूर.

बर्डीवाला
मंग सासूबाईचं औषधाबद्दलचं बरोबर का चूक?

झूलॉजी_झिंदाबाद
अर्धं बरोबर. परमेथ्रिन, म्हणजे उवा मारायचं औषध, उवेच्या ज्या नसांवर काम करते तिथल्या जीनमध्ये बदल झालेल्या उवा अमेरिकेत खूप आहेत, त्यांच्यावर औषध चालत नाही. पण त्याचा त्या दोन गटांशी संबंध लावू नका. अन् असा जीन इकडच्या उवांत मिसळू शकतोच. त्यातही गंमत, नर ऊ बापाकडून आलेले जीन्स पुढे जवळपास देतच नाही, आईचेच देते.

स्किन_ओपीडी_ताई
बाकी जीन्स राहू द्या, सीताफळाच्या बिया अजिबात लावू नका, डोळ्यात गेलं तर बुबुळाला जखम होते, आमच्याकडे अशा पेशंट येतात. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावा अन् बारीक दातांच्या फणीनं मुळापासून विंचरा. लिखा फुटायला ७ ते १० दिवस लागतात, म्हणून दर तीन-चार दिवसांनी, दोन-तीन आठवडे तरी करा. घरातल्या सगळ्यांची डोकी बघा, सासूबाईंचंही.