अनुभव धागा : जुन्या गृहकर्जाची बँक शोधणं आणि कर्जाला चिकटवलेल्या विम्याची तक्रार

कर्ज फिटलं, पण देणारी बँक आज त्या नावानं अस्तित्वातच नाही. किंवा कर्जासोबत विमा गळ्यात पडला आणि पॉलिसीचा कागद कधी हातात आलाच नाही. ही कामं ज्यांनी केली आहेत त्यांनी इथे लिहावं. मनस्तापाची कहाणी नको, कागद कुठला, तो कुठे मिळतो आणि काम कुठे अडतं तेवढं हवं.

गृहकर्ज विभागातून निवृत्त

आधी वारस बँक शोधा. बँक विलीन झाली की तिची येणी, देणी आणि गहाण ठेवलेले दस्त नव्या बँकेकडे जातात. आपल्याकडे वारंवार विचारली जाणारी नावं : साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. कुरुंदवाडची गणेश बँक फेडरलमध्ये. देना आणि विजया १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन या दोन बँका युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत, ओरिएंटल पंजाब नॅशनलमध्ये. एचडीएफसी लिमिटेड १ जुलै २०२३ पासून एचडीएफसी बँकेत आहे. डीएचएफएल या गृहवित्त कंपनीची कर्जं पिरामलकडे. काही ठिकाणी साखळी दुहेरी असते : ग्लोबल ट्रस्ट आधी ओरिएंटलमध्ये, तिथून पंजाब नॅशनलमध्ये.

शाखेत जाताना जुना खाते क्रमांक आणि जुन्या शाखेचं नाव दोन्ही न्या. विलीनीकरणात क्रमांक बदलतात, त्यामुळे काउंटरवर "असं खातं नाही" हे उत्तर हमखास मिळतं. तिथून परत फिरू नका, "जुना-नवा क्रमांक जुळवून द्या" असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे दस्त जमा करताना बँकेनं शिक्का मारून दिलेली दस्तांची यादी. ती असेल तर "आमच्याकडे काही नाही" असं कुणाला म्हणता येत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ दस्त परत द्यायचे आणि बोजा, म्हणजे मिळकतीवरची कर्जाची नोंद, उतरवायचा. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. दस्त हरवले तर नक्कल काढायला मदत आणि खर्च बँकेचा, त्यासाठी आणखी ३० दिवस. हे १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कर्जदार हयात नसेल तर वारसांना दस्त देण्याची पद्धत बँकेनं संकेतस्थळावर मांडलेली असलीच पाहिजे, ती छापूनच शाखेत जा.

दस्तनोंदणीची कामं करणारी

ज्यांच्याकडे एकही कागद नाही त्यांनी मिळकतीकडून उलट शोध घ्यावा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव आणि मिळकत क्रमांक टाका. इथे लोक चुकतात ते असं : खरेदीखत सर्वे नंबरवर असतं आणि गहाणाची नोंद सिटीएस नंबरवर, म्हणजे नगर भूमापन क्रमांकावर. दोन्ही टाकून पाहा, वर फ्लॅट नंबरही. महाराष्ट्रात २०१३ पासून दस्त ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना, म्हणजे नोटीस ऑफ इंटिमेशन, तिथेच दाखल होते आणि तिच्यात बँकेचं नाव असतं. सातबाऱ्यावर "इतर हक्क" बघा. सोसायटीत असाल तर सेक्रेटरींकडून सभासदाची फाईल मागवा, कर्जाच्या वेळची एनओसी आणि बँकेचं पत्र बहुधा तिथंच सापडतं. सरसाईवर, म्हणजे गहाणांच्या केंद्रीय नोंदणीच्या संकेतस्थळावर, मिळकतीवरून शोध घेता येतो, पण ती नोंदणीच २०११ ला सुरू झाली, त्याआधीचं कर्ज तिथे दिसेलच असं नाही.

बोजा उतरवताना एक चूक फार होते. बँकेचं पत्र मिळालं की लोक ते कपाटात ठेवतात. सातबाऱ्यावरचा बोजा त्या पत्रानं आपोआप जात नाही. ई-हक्क या फेरफारासाठीच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करा, फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून तपासा. नोंदणीकृत गहाणखत असेल तर पुनर्हस्तांतरणाचा दस्तही, म्हणजे बँक मिळकतीवरचा हक्क परत करते तो, नोंदवावा लागतो.

सहकार खात्याशी संबंधित

परवाना रद्द झालेल्या सहकारी बँकेचे दस्त अवसायकाकडे, म्हणजे बँकेचा कारभार गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, असतात. अवसायक कोण हे जिल्हा उपनिबंधक कार्यालयात कळतं.

विमा दाव्यांचं काम करणारा

विमा आहे की नाही हे कर्जखात्याच्या उताऱ्यात पहिल्या दिवशीच दिसतं. ३० लाखांचं कर्ज मागितलं आणि खात्यावर ३०,९०,००० चढले, तर ते ९०,००० विम्याच्या एकरकमी हप्त्याचे. हा हप्ता कर्जातच घातला की त्यावर व्याजही चालू होतं : ९ टक्क्यांनी २० वर्षांत महिन्याला सुमारे ८१० रुपये, एकूण सुमारे १,९४,००० रुपये. नव्वद हजारांचा विमा दुपटीहून महाग पडतो.

जीवन विमा घेतल्याशिवाय कर्ज नाही, असा नियम नाही. अमुकच कंपनीचा विमा घ्या, अशी सक्तीही करता येत नाही.

असा विमा बहुधा समूह विमा असतो. मूळ पॉलिसी बँकेच्या नावे, तुम्हाला मिळतं ते विमा प्रमाणपत्र. ते मागा आणि चार गोष्टी वाचा. मुदत : कर्ज २० वर्षांचं आणि संरक्षण ५ वर्षांचं, असं अनेकदा असतं. विमित, म्हणजे विमा उतरवलेली व्यक्ती, कोण : कर्जाचा हप्ता दोघं भरतात, विमा एकाचाच. आरोग्याचं प्रतिज्ञापत्र : सगळीकडे "नाही" अशी खूण दुसऱ्यानंच केलेली असते, आणि दावा नाकारताना तोच कागद पुढे येतो. आणि घटत्या संरक्षणाचा, म्हणजे कर्जासोबत कमी होत जाणाऱ्या विमा रकमेचा, तक्ता : तो ठरावीक व्याजदर धरून बनवलेला असतो. दर वाढून कर्जाची मुदत लांबली की शिल्लक कर्ज तक्त्यातल्या रकमेपेक्षा जास्त उरतं, तो फरक कुटुंबालाच भरावा लागतो.

प्रमाणपत्र नुकतंच मिळालं असेल तर विमा परत करण्याची मुदत त्यावर छापलेली असते, आधी ती बघा. मुदतीआधी कर्ज फेडलं तर एकरकमी हप्त्याच्या विम्याचं उरलेल्या मुदतीचं मूल्य मागता येतं. विमा चालू ठेवायचा पर्यायही विचारा, वय वाढल्यावर किंवा आजार निघाल्यावर नवा विमा महागात मिळतो.

ग्राहक तक्रारींचं काम करणारी

तक्रारीत "फसवणूक झाली" एवढंच लिहिलं तर छापील उत्तर येतं. कागद मागा : सहीचा प्रस्ताव अर्ज, आरोग्य प्रतिज्ञापत्र, संमतीची नोंद, पडताळणीच्या फोनचं रेकॉर्डिंग असेल तर तेही. सक्ती कुणी केली ही तक्रार बँकेकडे, पॉलिसीत काय आहे ही विमा कंपनीकडे. दोन्ही एकाच दिवशी पाठवा, नाहीतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर. गृहवित्त कंपनी असेल तर राष्ट्रीय आवास बँकेच्या ग्रिड्स या तक्रार पोर्टलवर. विमा कंपनीसाठी बीमा भरोसा हे विमा नियामकाचं तक्रार पोर्टल किंवा १५५२५५ हा फोन, नंतर विमा लोकपाल, त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. लोकपालाकडे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. पण विमा कंपनीनं नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. ग्राहक आयोगासाठी मुदत दोन वर्षांची, आणि सेवेसाठी किंवा विम्यासाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथेही शुल्क नाही.

पुन्हा विमा दाव्यांचं काम करणारा

एक राहिलं. कर्ज दुसऱ्या बँकेत फिरवलं की जुना विमा मागोमाग जात नाही, दाव्याच्या पैशांवर कागदोपत्री हक्क जुन्याच बँकेचा राहतो. जुन्या बँकेकडून "आमचं काही येणं नाही" असं पत्र घ्या, ते विमा कंपनीला द्या आणि वारसाचं नाव नव्यानं नोंदवून घ्या. नवी बँक नवा विमा पुढे करेल, तेव्हा हे जुनं प्रमाणपत्र टेबलावर ठेवा.