ट्रान्सप्लांट तोंडावर आणि आता थायरॉइडमध्ये गाठ. हा मधला काळ कसा काढायचा?

नमस्कार. मला मल्टिपल मायलोमा आहे, म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड, डेक्सामेथासोन या औषधांची सायकल्स पूर्ण झाली, प्रतिसाद चांगला आला आणि स्वतःच्याच स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) वापरून ट्रान्सप्लांट करायचं ठरलं. त्यासाठी मनाची तयारी झाली होती. मेल्फलान या केमोचा मोठा डोस, केस जाणं, तोंड येणं, पांढऱ्या पेशी वर यायला लागणारे १० ते १४ दिवस, सगळं खोदून खोदून विचारून घेतलं होतं.

ट्रान्सप्लांटआधीच्या पेट स्कॅनमध्ये (जिथे पेशी जास्त सक्रिय, ती जागा यात उजळ दिसते) मायलोमाच्या जागा जवळपास विझलेल्या दिसल्या, पण थायरॉइडच्या उजव्या बाजूला एक नवीनच ठिपका दिसला. सोनोग्राफी झाली, एफएनएसी झाली, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासल्या. रिपोर्ट आला बेथेस्डा ३. या वर्गवारीत १ ते ६ गट असतात. २ म्हणजे साधी गाठ, ६ म्हणजे कर्करोग. ३ म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण ठाम काही सांगता येत नाही. आता परत सुई घालून तपासायचं आहे.

पेटवर अशी एकाच जागी उठून दिसणारी थायरॉइडची गाठ साधारण तिघांपैकी एकाची कर्करोगाची निघते, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे दोघांची निघत नाही, असं घरचे म्हणतात. गणित मलाही कळतं. पण मायलोमा हाच मुळात क्वचित होणारा आजार, आणि तो मला झाला. तेव्हापासून ‘शक्यता कमी आहे’ हे शब्द कानावर पडले तरी मन शांत होत नाही.

त्यात डॉक्टरांची मतं वेगळी आहेत. हिमॅटॉलॉजिस्ट (रक्ताच्या आजारांचे डॉक्टर) म्हणतात, थायरॉइडचा कर्करोग निघाला तरी त्याचा नेहमीचा पॅपिलरी प्रकार सहसा सावकाश वाढतो, मायलोमाला मात्र मोकळीक देऊन चालणार नाही, ट्रान्सप्लांट आधी करू. सर्जन म्हणतात, आधी निदान पक्कं होऊ दे, कारण ट्रान्सप्लांटनंतर अंगात ताकद आणि प्रतिकारशक्ती येईपर्यंत ऑपरेशन लांबणीवर पडेल. मला दोघांचंही पटतं, आणि म्हणूनच जास्त घाबरायला होतं. स्टेम सेल काढून गोठवून ठेवता येतात, त्या वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे थोडं थांबावं लागलं तरी सगळं वाया जाणार नाही, हे कळलं तेव्हा जरा धीर आला. केस ट्यूमर बोर्डापुढे ठेवा, सगळ्यांनी एकत्र बसून एकच काय ते सांगा, अशी विनंती मी केली आहे आणि ती मान्यही झाली आहे. ज्यांना असे दोन डॉक्टर दोन बाजूंना ओढत असतील त्यांनी हे जरूर मागावं, असं मला वाटतं.

पण तोवरच्या रात्रींचं काय करू? पहिल्या निदानाच्या वेळी भीती होती, या वेळी राग येतो. झोप उडवणारं डेक्सामेथासोन थांबल्यावर झोप परत येईल असं वाटलं होतं, ती आलेली नाही. हात सारखा गळ्याशी जातो. लेनालिडोमाइडमुळे दुसरा कर्करोग होण्याचा धोका थोडा वाढू शकतो, हे माहितीपत्रकात वाचलं आणि ज्या औषधाने मला इथवर आणलं त्याचाच संशय येऊ लागला. डॉक्टरांनी समजावलं की थायरॉइडच्या गाठी अनेकांना असतात, ही औषधाच्या आधीचीही असेल. दिवसा हे पटतं.

नवरा मला धीर देतो आणि स्वतः रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर थायरॉइडचं वाचत बसतो. लेकीला आणि सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. ट्रान्सप्लांटचं ऐकूनच दोघी खचल्या होत्या. पक्का रिपोर्ट हातात येईपर्यंत थांबावं की आत्ताच सांगावं? लेकीला माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलंच आहे, ती विचारत नाही एवढंच.

मोठ्या उपचाराच्या उंबरठ्यावर असताना असं दुसरं काही निघालं, किंवा निघेल असं वाटलं, असं कोणी आहे का इथे? तुमच्याकडे आधी काय केलं? रिपोर्टची वाट बघताना दिवस कसे ढकललेत? सायको-ऑन्कॉलॉजिस्टकडे, म्हणजे कर्करोगाच्या रुग्णांच्या मनाचं बघणाऱ्या तज्ज्ञाकडे, कोणी गेलं असेल तर पहिल्या भेटीत नेमकं काय बोलणं होतं, तेही सांगा. झोपेची गोळी मागायची की नाही, यावर माझं अजून ठरत नाही.

एक विनंती. काढे, पथ्यं, जडीबुटी सुचवू नका. ट्रान्सप्लांटच्या तोंडावर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी काहीही पोटात घेणार नाही. ज्यांनी यातलं काही अनुभवलं आहे त्यांनी दोन ओळी लिहिल्या तरी चालतील, मी प्रत्येक उत्तर वाचेन.