वॉरंटी संपल्यावर एअरबॅगचा दिवा लागला, खर्च कुणी करायचा?

मुलुंडकर_८१
नोव्हेंबर २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक, ६२ हजार किलोमीटर, सगळ्या सर्व्हिस अधिकृत केंद्रातच. एअरबॅगचा दिवा लागला की विझत नाही. हॉर्न कधी वाजतो, कधी नाही आणि स्टिअरिंगवरची आवाजाची बटणं बंद. सर्व्हिस सेंटरने क्लॉक स्प्रिंग आणि एअरबॅगचं कंट्रोल युनिट, दोन्ही बदलायला सांगितलं आहे, मजुरीसह ४१,५०० रुपये. वॉरंटी संपली, म्हणून सगळा भार आमच्यावर. पण एअरबॅग म्हणजे वायपरचं रबर नव्हे. गाडी पंधरा वर्षं चालवायची, तर तिचा जीव वाचवणारा भागही तेवढाच टिकायला नको का? कायदा काय म्हणतो? इन्शुरन्समधून काही मिळेल का?

पाना_दहाबारा
खर्चाचं नंतर पाहू, आधी निदान. तुम्ही सांगितलेली लक्षणं सरळ क्लॉक स्प्रिंगकडे बोट दाखवतात. स्टिअरिंगच्या मागे प्लास्टिकच्या डबीत गुंडाळलेली चपटी पट्टी असते. हॉर्न, बटणं आणि ड्रायव्हरची एअरबॅग या तिघांच्या वायरी तिच्यातूनच जातात. पट्टी तुटली की तिन्हीवर परिणाम होतो. मग कंट्रोल युनिट कशासाठी? ते बिघडलं असेल तर युनिटचा स्वतःचा अंतर्गत दोषाचा कोड यायला हवा. स्कॅनरमधले सगळे कोड छापून मागा आणि ते हातात पडेपर्यंत कुणालाही कोड पुसू देऊ नका. पुसले की पुरावा गेला.

'ड्रायव्हर एअरबॅग, रेझिस्टन्स जास्त' असा कोड असेल तर तपास सोपा आहे. बॅटरीची निगेटिव्ह काढून मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबायचं, एअरबॅग काढून तिच्या जागी साधारण २ ओहमचा चाचणी रेझिस्टर लावायचा आणि पुन्हा स्कॅन करायचा. कोड तसाच राहिला तर दोष एअरबॅगच्या अलीकडे, म्हणजे पट्टीत किंवा वायरिंगमध्ये. कोड गेला तर एअरबॅग किंवा तिचा कनेक्टर. हे केंद्रातच करून घ्या. एअरबॅगच्या पिनांवर साधा मल्टीमीटर लावायचा नाही, त्याच्या करंटनेही ती फुटू शकते.

हाच रेझिस्टर काही गॅरेजवाले कायमचा ठेवून देतात. दिवा विझतो, गिऱ्हाईक खूश, पण अपघातात ती एअरबॅग उघडत नाही. इग्निशन चालू केल्यावर दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर कुणीतरी तोच बंद केलाय. रेझिस्टरवाली फसवणूक मात्र दिव्यावरून कळत नाही, ती उघडून पाहिल्यावरच कळते.

आता एक महत्त्वाचं. गेल्या दोनेक वर्षांत स्टिअरिंग रॅक किंवा कॉलमचं काम झालंय का? स्टिअरिंग मधोमध न आणता बसवलं तर पट्टी एका बाजूला जास्त ताणली जाते आणि काही आठवड्यांत, कधी महिन्यांत तुटते. ती चूक काम करणाऱ्याची, पैसेही त्याचेच. जुने जॉब कार्ड, म्हणजे केंद्राने केलेल्या कामाच्या नोंदी, काढून बघा.

वांद्रे_ग्राहक
वॉरंटी संपली म्हणजे कंपनीची जबाबदारी संपली, हा समज चुकीचा आहे. वॉरंटी हा करार. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये, जो २० जुलै २०२० पासून लागू आहे, उत्पादन दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे. त्यातल्या कलम ८४ नुसार उत्पादनात किंवा रचनेत दोष असेल आणि त्यातून नुकसान झालं असेल तर उत्पादक जबाबदार असतो. अडचण अशी, की या कलमाखाली आधी नुकसान व्हावं लागतं. अपघात झालेला नसताना नुसता दुरुस्तीचा खर्च मागायचा तर मूळ दोष दाखवावा लागेल. सात वर्षांच्या आसपासच्या गाडीतली पट्टी 'झिजली' असं कंपनी म्हणणारच.

तुमच्या बाजूचा सर्वांत मजबूत मुद्दा हा: एप्रिल २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातल्या ६० लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या, त्यामागच्या कारणांत स्पायरल केबल, म्हणजे हीच क्लॉक स्प्रिंग होती. भारतात इनोव्हा त्यात आली. म्हणजे ही पट्टी कंपन्या स्वतःच सुरक्षेचा विषय मानतात. तुमच्या मॉडेलसाठी अशी मोहीम निघालीय का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर १७ अक्षरी चेसिस नंबर टाकून बघा. निघाली असेल तर काम फुकट, वॉरंटी कधीचीही संपलेली असो. टकाटा या एअरबॅग बनवणाऱ्या कंपनीचे दमट हवेत खराब होणारे इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारे भाग, असेच जुन्या गाड्यांतूनही फुकट बदलले गेले. मुंबईसारख्या दमट शहरात ही तपासणी प्रत्येकाने करावी.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं. त्याखाली सरकार सदोष गाड्या परत बोलावायला लावू शकतं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. उत्पादनापासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच ते लागतात, म्हणून सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरची तक्रार टाळू नका. त्याच मॉडेलच्या पुरेशा मालकांनी तक्रार केली तरच चक्र फिरतं.

घाटकोपर_पॉलिसी
इन्शुरन्सचं थोडक्यात. विद्युत किंवा यांत्रिक बिघाड आणि झीज साध्या पॉलिसीत येत नाही, तेव्हा या पट्टीचे पैसे मिळणार नाहीत. अपघातात उघडलेल्या एअरबॅगवर मात्र ५० टक्के घसारा कापतात. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कवच, असेल तर तो वाचतो. पावसात गाडी बुडून सीटखालचे एअरबॅगच्या वायरींचे पिवळे कनेक्टर गंजले तर तो पुराचा क्लेम आहे, पण सर्व्हेअर बघेपर्यंत गाडी वाळवू नका, सुरूही करू नका.

ठाणे_तीनहात
मालकाने काहीच द्यायचं नाही, हे मला पटत नाही. रोज हजार वेळा स्टिअरिंग फिरतं, झीज होणारच. प्रत्येक भाग पंधरा वर्षांची हमी देऊन विकला तर गाडीची किंमत वाढेल आणि ती आपणच भरू.

वांद्रे_ग्राहक
क्लच आणि ब्रेक पॅडला तुमचं म्हणणं लागू. ते घासलेलं कळतं, आवाज येतो. ही पट्टी मालक तपासू शकत नाही, सर्व्हिसच्या वेळापत्रकात ती बदलायला सांगितलेली नसते आणि ती तुटली की ड्रायव्हरची एअरबॅग उघडण्याचा भरवसा राहत नाही. जो भाग तपासण्याची सोयच मालकाला दिलेली नाही, त्याचा धोका एकट्या मालकाने का उचलायचा? एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एअरबॅग न उघडल्याच्या प्रकरणात गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. धडकेचा वेग आणि बल मोजणारा भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ असण्याची अपेक्षा ग्राहकाकडून नाही, असंही म्हटलं. तो धागा इथे लागतो.

प्रश्नकर्त्यांनी ग्राहक आयोगाकडे जाण्याआधी कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करून 'गुडविल', म्हणजे वॉरंटीबाहेरही कंपनीने स्वखुशीने उचललेला खर्चाचा वाटा, मागावं. पूर्ण सर्व्हिस इतिहास अधिकृत केंद्राचा आहे, तेव्हा भाग कंपनीचा आणि मजुरी तुमची, निदान निम्मे-निम्मे, इथवर कंपन्या बऱ्याचदा येतात. प्रस्ताव केंद्रानेच वर पाठवायचा असतो, त्याची प्रत घ्या. नाही जमलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार. त्यानंतर तुमच्यासाठी वांद्रे पूर्वचा उपनगर जिल्हा आयोग. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गाडीला मोजलेली किंमत पाच ते दहा लाखांत असेल तर शुल्क २०० रुपये, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. मुंबई ग्राहक पंचायत या ग्राहकांच्या संस्थेकडे आधी कागद दाखवले तर उत्तम.

मुलुंडकर_८१
जॉब कार्ड काढले. १४ महिन्यांपूर्वी त्याच केंद्रात स्टिअरिंग कॉलम बदललाय.

पाना_दहाबारा
मग कंपनीच्या आधी केंद्राला गाठा. तक्रारीत त्या जॉब कार्डचा नंबर घाला आणि पट्टी काढताना स्टिअरिंग मधोमध धरून पट्टीवरच्या खुणा जुळतात का, त्याचा फोटो समोर उभं राहून काढा. खुणा सरकलेल्या दिसल्या तर केंद्राला झिजेचं कारण पुढे करणं अवघड जाईल. काढलेली पट्टी नाव लिहून पिशवीत परत घ्या, जॉब कार्डवर 'जुना भाग ग्राहकाला दिला' असं लिहून घ्या. एअरबॅग मात्र कधीही घरी आणू नका, तिच्यात स्फोटक आहे.