सार्वजनिक निधीवरील कलासंस्थांचे प्रमुखपद: पारदर्शकता कुठून सुरू व्हावी?

प्रश्न
सरकारी अनुदानावर चालणाऱ्या नाट्यगृहांच्या, संग्रहालयांच्या आणि वाद्यवृंदांच्या प्रमुखपदी स्त्रिया इतक्या कमी का, असा विषय निघाला की ‘निवड समितीत निम्म्या स्त्रिया घ्या’ हे उत्तर हमखास पुढे येते. १७९३ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाला पहिली स्त्री प्रमुख, लॉरांस दे कार, थेट २०२१ साली मिळाली. समिती बदलल्याने एवढा जुना प्रघात मोडेल का, की निवडीची पद्धतच बदलायला हवी?

प्रतिसाद १
समिती समतोल हवीच. पण ती बसते तोवर बराचसा निकाल लागलेला असतो. जाहिरातीतली एकच अट पाहा: ‘मोठ्या संस्थेच्या प्रमुखपदाचा दहा वर्षांचा अनुभव आवश्यक’. फ्रान्सच्या सांस्कृतिक मंत्रालयासाठी रेन प्रा यांनी २००६ साली केलेल्या अहवालानुसार नाट्यनिर्मिती करणाऱ्या अनुदानित नाट्यसंस्थांपैकी ९२ टक्के संस्था पुरुषांच्या हाती होत्या. अशा ठिकाणी ही अट घातली, की अर्ज येण्याआधीच स्त्रियांची वाट बंद होते आणि कोणी पक्षपात केला असे बोट दाखवायलाही जागा उरत नाही. अंदाजपत्रक सांभाळल्याचा, कार्यक्रमांची आखणी केल्याचा, कर्मचाऱ्यांचे प्रश्न सोडवल्याचा पुरावा मागितला, तर तुटपुंज्या अनुदानावर छोटी संस्था नेटाने चालवणारी व्यक्तीही पात्र ठरते.

प्रतिसाद २
वाद्यवृंदांचा अनुभव इथे उपयोगी पडेल असे मला वाटते. अमेरिकेत अनेक वाद्यवृंदांनी वादकांची चाचणी पडद्याआडून घ्यायला सुरुवात केली. पावलांच्या आवाजावरूनही वादक स्त्री की पुरुष हे कळू नये म्हणून काही ठिकाणी गालिचा अंथरला जाई. प्रमुखपदाच्या अर्जांची पहिली छाननी नावे झाकून का करू नये?

प्रतिसाद ३
पहिल्या फेरीपुरती ही सूचना मान्य आहे, पण तिच्यावर फार भिस्त ठेवता येणार नाही. वादकाचे वादन पडद्याआडून ऐकता येते. संचालकपदाच्या उमेदवाराने आजवर केलेले कामच त्याची ओळख सांगते, आणि ते झाकले तर पारखायचे काय? म्हणून इथे उमेदवार झाकण्यापेक्षा निवड करणाऱ्यांचे निकष उघडे करणे अधिक गरजेचे आहे. फ्रान्सच्या २०१६ च्या कायद्याने राज्याचा अधिकृत दर्जा मिळालेल्या कलासंस्थांच्या प्रमुखपदासाठी खुले अर्ज मागवणे बंधनकारक केले आणि उमेदवारांच्या यादीत तसेच नेमणुकांमध्येही स्त्री-पुरुष समतोल राखण्याची जबाबदारी निवड मंडळावर टाकली. मला त्यातला यादीचा भाग फार मोलाचा वाटतो, कारण शेवटच्या यादीत एकच स्त्री असली की तिच्याकडे अपवाद म्हणूनच पाहिले जाते. प्रमुखाच्या मुदतीचाही विचार व्हावा: मुदतवाढीला मर्यादा नसेल, तर जागाच रिकामी होत नाही आणि उत्तम नियमही कागदावर राहतात.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद
आभारी आहे. निकष उघडे करायचे, तर अर्जदारांची नावेही जाहीर करावीत का?

प्रतिसाद ३
नावे नकोत. सध्याच्या नोकरीत अडचण होईल या भीतीने चांगले उमेदवार अर्जच करणार नाहीत. मात्र किती स्त्रियांनी आणि किती पुरुषांनी अर्ज केले, मुलाखतीला किती बोलावले, कोणत्या निकषाला किती गुण होते आणि समितीत कोण होते, एवढे नेमणुकीच्या पत्रकासोबतच प्रसिद्ध व्हावे. अनुदानाचा पुढचा हप्ता त्याशिवाय देऊच नये.